मोबाईलवर दिसते, मग टीव्हीवर का नाही?

दिवाळीनंतर आमच्या गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीची नाटके रंगतात. एकदा तिकीट काढले की नाटक पाहायला मिळणार, ही खात्री. घरच्या टीव्हीने मात्र मला यंदा निराळाच धडा शिकवला.

गुडघ्यांमुळे सासूबाईंना आता मंडपात रात्रभर बसवत नाही. जुन्या मराठी चित्रपटांची त्यांना भारी हौस. म्हणून शिकवणीच्या पैशांतून मी एका कंपनीची वर्षाची वर्गणी भरली. माझ्या मोबाईलवर चित्रपट झकास दिसला. पण आमच्या आठ वर्षांच्या टीव्हीवर ते अ‍ॅपच सापडेना. मोबाईलवरचे चित्र टीव्हीवर पाठवून पाहिले, तर आवाज येतो आणि पडदा काळाकुट्ट! "सुनबाई, यात दिसते, तं त्यात काहून नाही दिसत?" सासूबाईंनी विचारले. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना एवढासा मोबाईल काय कामाचा?

मग चौकशी केली. मैत्रिणींनो, प्रत्येक टीव्हीची आतली व्यवस्था वेगळी असते. सॅमसंगची टायझेन, एलजीची वेबओएस, इतर अनेकांची अँड्रॉइड किंवा गूगल टीव्ही. एकीच्या मापाचे पोलके दुसरीला बसत नाही, तसे एकीसाठी केलेले अ‍ॅप दुसरीवर चालत नाही. कंपनीला ते प्रत्येकीसाठी वेगळे बेतावे लागते. जुन्या टीव्हींसाठी हा खर्च पुष्कळदा टाळला जातो. सॅमसंगच्या २०१० आणि २०११ सालच्या काही टीव्हींवर नेटफ्लिक्स १ डिसेंबर २०१९ पासून बंद झाले. टीव्ही धडधाकट, पण अ‍ॅप गेले! काळ्या पडद्याचे कारणही कळले. चित्रपटाची चोरून नक्कल होऊ नये म्हणून घातलेले ते कुलूप असते.

तेव्हा पैसे भरण्याआधी एवढे पाहाच :

१. हवे ते अ‍ॅप आपल्या टीव्हीवर मिळते का, हे आधी स्वतः शोधा. दुकानदाराच्या 'सगळं चालतं बाई'वर जाऊ नका.

२. योजना फक्त मोबाईलपुरती नाही ना? नेटफ्लिक्सने अशी योजना आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये आणली. स्वस्त खरी, पण टीव्हीसाठी उपयोगाची नाही.

३. सोय असेल तर पहिल्यांदा एका महिन्याचीच वर्गणी भरा.

४. टीव्हीला एचडीएमआयची खाच असेल, तर नव्या टीव्हीची घाई नको. तिथे लावायची छोटी स्टिक मिळते. तिच्यावर ते अ‍ॅप चालते का, तेवढे विचारून घ्या.

५. कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.

"नवाच टीव्ही घेऊन टाकू," हे म्हणत होते. मी स्टिकच आणली. परवा सासूबाईंनी शेजारच्या काकूंनाही बोलावून घेतले. दोघींनी चष्मे लावून पूर्ण चित्रपट पाहिला, आणि चहा दोनदा झाला!