बालकाचें दुखणें, घराचा धीर

रक्ताचा कर्करोग म्हणजे सर्व संपलें, ही समजूत सातारा-सांगलीकडील सुशिक्षित घरांतूनहि आम्हांस आढळते. वस्तुतः योग्य उपचारानें पुष्कळ मुलें पूर्ण बरीं होतात. त्यांतील विंक्रिस्टीन हें औषध तर अंगणांतील सदाफुलीपासूनच काढतात.

खरा घात निराळाच. महिन्या-दोन महिन्यांत मूल हसूंखेळूं लागतें, आणि ‘आतां पुरे’ म्हणून उपचार थांबतात. ते बहुधा दोन-तीन वर्षें चालवावे लागतात. मुंबईस १९४१ सालीं निघालेल्या टाटा रुग्णालयांत उपचार होतात. २००६ सालापासून सेंट ज्यूड केंद्रांतून अशा मुलांची आईबापांसह राहण्याची मोफत सोयहि होते. तेव्हां आईनें लेंकराजवळ निश्चिंत राहावें. मागें राहिलेल्या भावंडांस आजी-काकूंनीं सांभाळावें. एकत्र कुटुंबाची कसोटी याहून निराळी ती कोणती?