भीमबेटक्याच्या दगडातला समुद्र

भोपाळच्या दक्षिणेला साधारण ४५ किलोमीटरवर भीमबेटका आहे. उज्जैनच्या डॉ. विष्णू श्रीधर वाकणकरांना १९५७ मध्ये आगगाडीतून जाताना हे कडे दिसले आणि इथली चित्रं जगापुढे आली. २००३ पासून हा जागतिक वारसा आहे. लोक येतात ते गवे, हरणं, रानडुकरं, मोर पाहायला. ज्या दगडावर हे सारं रंगवलंय, त्याच्यापाशी मात्र फार थोडे थांबतात, याची मला खरोखर हळहळ वाटते.

हा विंध्य वालुकाश्म. काही शिळांवर समांतर वळ्या दिसतात. उथळ पाणी हलत राहिलं, तळाच्या वाळूवर लहरी उमटल्या आणि त्या मोडायच्या आत वर नवा गाळ बसला. पुढे थरांवर थर चढले, सिलिकाने कण घट्ट बांधले. किनाऱ्यावरच्या पक्ष्याचं पाऊल दगडात उतरतं तेही असंच. भीमबेटक्यात मात्र असं पाऊल मिळणार नाही. पक्षी अवतरले सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी. हा खडक त्याहून फार जुना.

किती जुना, यावर अलीकडेच मोठा वाद झाला. २०२१ मध्ये भूशास्त्रज्ञ ग्रेगरी रेटॅलॅक आणि सहकाऱ्यांनी ‘गोंडवाना रिसर्च’ या नियतकालिकात जाहीर केलं, की इथल्या ऑडिटोरियम गुहेत डिकिन्सोनियाचा जीवाश्म आहे. डिकिन्सोनिया म्हणजे चपट्या पानासारखा, शिरांशिरांचा आदिम समुद्री जीव. तो जीवाश्म खरा असता, तर खडकाचं वय सुमारे ५५ कोटी वर्षं ठरलं असतं.

फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट आणि त्यांचे सहकारी त्या भिंतीपाशी गेले, तेव्हा तो ‘जीवाश्म’ चक्क सोलून निघू लागला होता. दगडात रुतलेला ठसा असा दोन-तीन वर्षांत झडत नाही. आसपास मधमाश्यांची पोळी होती, काही खुणांत षट्कोनी घरंही दिसत होती. भिंतीवर होतं ते आग्या मोहोळाचं कुजलेलं पोळं! २०२३ मध्ये हे छापून आलं आणि रेटॅलॅक यांनी ते मोकळेपणाने मान्य केलं. मला त्या मूळ शोधाइतकीच ही कबुलीही मोलाची वाटते.

वयाची मुख्य भिस्त आता वाळूतल्या झिरकॉन या खनिजाच्या बारीक कणांवर आणि खडकात टिकलेल्या प्राचीन चुंबकत्वावर आहे. त्यांवरून मीर्ट यांचा गट हा थर सुमारे १०० कोटी वर्षांचा मानतो.

तिथे जाल तेव्हा चित्रांना हात लावू नका. वळ्या पाहायच्या तर सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना जा. तिरप्या प्रकाशात प्रत्येक वळीची सावली पडते आणि त्या नुसत्या नजरेनेही मोजता येतात.