परगावचा विद्यार्थी आणि भाड्याची जागा

वसंतातील व्याख्यानांत तत्त्वज्ञान यावे, इतिहास यावा, देशाचे अर्थकारण यावे. तेथे ‘खोली कशी शोधावी’ असला प्रापंचिक विषय आम्ही घेतला याचे काही श्रोत्यांना हसू येईल. ते येऊ द्यावे. पण पदवीनंतरच्या शिक्षणासाठी घर सोडणाऱ्या मुलामुलींपुढे पहिला प्रश्न ग्रंथालयाचा नसतो, प्रयोगशाळेचाही नसतो. तो बिऱ्हाडाचा असतो, आणि तो चुकीचा सुटला तर निम्मे वर्ष त्यातच खर्ची पडते. शिवाय या मंडपात दोन्ही पक्ष हजर आहेत. कोणाचा मुलगा बंगळुरात, कोणाची मुलगी दिल्लीत जागा धुंडाळीत असेल. आणि कोणाच्या वरच्या मजल्यावर लातूर-जळगावकडचे तीन विद्यार्थी राहत असतील. एकाच गृहस्थाच्या ठिकाणी हे दोन्ही योग जुळलेले आम्ही पाहिले आहेत. मुलाच्या घरमालकाविषयी ते जे बोलतात, तेच त्यांचे विद्यार्थी त्यांच्याविषयी बोलत असावेत असा आमचा तर्क आहे.

उदाहरण आपल्या पुण्याचेच घेऊ. बाहेरून येणाऱ्याला पुणे हे एक गाव वाटते. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकावयास येणाऱ्याने नावावर विसंबून डेक्कन जिमखान्यावर खोली घेतली, तर त्याचे कॉलेज पार येरवड्याला आहे हे त्याला नंतर कळावयाचे. जिमखान्याच्या बाजूला आहे ती १९३० साली स्थापन झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था. विद्यापीठ गणेशखिंडीत, त्याच्याच आवारात १९८८ ची आयुका. तेथून पलीकडे पाषाणला १९५० ची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि तिच्या शेजारी २००६ साली सुरू झालेली आयसर. या चौघींसाठी औंध, बाणेर, पाषाण, सुतारवाडी हा मुलूख सोयीचा. कायद्याचा अभ्यास करावयाचा असेल तर लॉ कॉलेज रस्ता आणि कोथरूड. अंतर किलोमीटरांत मोजू नये, सकाळी नऊच्या गर्दीत किती मिनिटे लागतात त्यावर मोजावे. नकाशात जवळ दिसणारी जागा विद्यापीठाच्या चौकामुळे दूर झालेली असते.

वसतिगृह मिळाले तर उत्तम. पण ते सर्वांना मिळत नाही, आणि मिळाले तरी पुष्कळदा वर्ग सुरू होऊन गेल्यावर यादी लागते. दुसरा मार्ग कॉट बेसिसचा. हा शब्द पुणेकरास समजावून सांगावयास नको. बाहेरच्याला सांगावे लागते की येथे खोली नव्हे, खाट भाड्याने मिळते. तीन खाटांच्या खोलीत एक खाट, एक कपाट, संडास-न्हाणी सामायिक, आणि दाराला दहाची वेळ. पदवीच्या मुलाला हे चालून जाते. ज्याचा प्रयोग रात्री एकला संपतो किंवा जिला प्रबंध लिहावयाचा आहे, तिला ते चालत नाही. म्हणून दोघे-तिघे मिळून फ्लॅट घेतात. आमचे सांगणे असे की पहिला महिना कॉट बेसिसवर काढावा आणि गावात राहून फ्लॅट पाहावा. लांबून, छायाचित्रे पाहून ठरवलेली जागा आणि प्रत्यक्षातली जागा यांत फार अंतर पडते.

प्रवेश पावसाळ्यात होतात याबद्दल सगळे कुरकुरतात. आम्हांस ती सोय वाटते. पावसात पाहिलेले घर खोटे बोलत नाही. ओल कोणत्या भिंतीला आहे, गच्चीतून गळते की नाही, जिन्यात पाणी साचते की काय, हे मे महिन्यात ताज्या रंगाखाली झाकलेले असते. पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, सोसायटीला टँकर लागतो का, लागल्यास त्याचे पैसे कोण देतो, हे मालकाला विचारण्याआधी खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारावे. विजेचे मागचे बिल पाहावे. थकबाकी आधीच्या बिऱ्हाडकरूची असली तरी वीज तोडली जाते ती तुमच्या दिव्याची.

दलालाची दलाली पुण्यात बहुधा एका महिन्याच्या भाड्याइतकी असते. तो रिवाज आहे, कायदा नव्हे. मात्र जागा पाहिल्यावाचून ‘टोकन’ म्हणून एक रुपयाही देऊ नये. आपण सैन्यात आहोत, बदली झाली आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो असे सांगून अनामत उकळणारे भामटे पुष्कळ आहेत. त्यांच्या जाळ्यात मालकही सापडतात: ‘अनामत पाठवतो, एवढा चौकोनी कोड स्कॅन करा’ असे सांगून त्यांचेच खाते रिकामे केले जाते. पैसे घेण्यासाठी पिन घालावा लागत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे कागदाकडे वळू. विद्यार्थी स्वतःला भाडेकरू म्हणतो, आपणही त्याला भाडेकरू म्हणतो. परंतु ज्या कागदावर तो सही करतो त्याचे नाव ‘लिव्ह अँड लायसेन्स’, म्हणजे परवानगीचा कागद. भाडेकरूला जागेत हक्क उत्पन्न होतो. परवानगीदाराला केवळ राहू दिलेले असते. हा भेद १८८२ पासून कायद्यात आहे, पण तो आपल्या जिन्यापर्यंत कसा आला याची कथा ऐकण्यासारखी आहे.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी सप्टेंबर १९४० च्या आकड्याला बांधली. युद्धानंतरच्या टंचाईत गरिबाला त्याचा मोठा आधार झाला यात शंका नाही. पण तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धशतक टिकला. भाडे गोठले तशी वाड्यांची डागडुजीही गोठली. मालकांनी मग ‘भाडे’ हा शब्दच टाकून दिला आणि ‘परवानगी’ हा शब्द धरला. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे परवानगीने राहत होते त्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्यांचे कल्याण झाले. पण त्यानंतर खोली देण्यापेक्षा तिला कुलूप घातलेले बरे, असे अनेक मालकांना वाटू लागले. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याच्या चोविसाव्या कलमाने मालकाला धीर दिला. मुदत संपल्यावर परवानगीदाराने जागा सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ती परत घेता येते आणि तोवरची भरपाई दुप्पट दराने मागता येते. आज विद्यार्थ्यांना इतकी घरे उघडी आहेत ती बऱ्याच अंशी या कलमामुळे, असे आमचे मत आहे.

पण त्याच कलमाला दुसरी धार आहे. परवानगीच्या लेखी कागदात जे लिहिले आहे ते निर्णायक पुरावा म्हणून धरले जाते. ‘गाद्या देऊ’, ‘आईवडील आले तर चार दिवस राहू देत’, ‘भाडे वाढवणार नाही’ हे सगळे जिन्यात बोललेले असते. कागदात नसेल तर ते बोललेच नाही असे समजावे. म्हणून कागद वाचावा. बावीस वर्षांच्या मुलाला हे सांगितले की तो शेवटच्या पानावर सही करून मोकळा होतो.

अकरा महिन्यांचे गूढही येथेच उलगडते. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ती नोंदणी टाळण्यासाठी अकरा महिन्यांची चाल पडली. महाराष्ट्रात मात्र या चालीत आता काही अर्थ उरलेला नाही. १९९९ च्या कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाने असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे असे ठरवले, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाचांचा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणी नसेल तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, खरे धरले जाते. तेव्हा श्रोत्यांतील घरमालकांनी नोटरीच्या शिक्क्यावर समाधान मानू नये. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, आणि ही गल्लत सुशिक्षितांतच अधिक आहे.

खर्च तरी किती? समजा, भाडे वीस हजार, परत मिळावयाची अनामत साठ हजार, मुदत अकरा महिने. एकूण भाडे दोन लाख वीस हजार. अनामतीवर दरसाल दहा टक्क्यांनी धरलेले व्याज साडेपाच हजार. बेरजेवर पाव टक्का मुद्रांकशुल्क, म्हणजे सुमारे पाचशे पासष्ट रुपये. शहरात नोंदणी फी एक हजार. तीन विद्यार्थ्यांत वाटले तर डोईस सव्वापाचशे. नोंदणीही घरबसल्या, अंगठा आणि छायाचित्र देऊन होते. एजंट हातात ठेवतो तो आकडा याहून मोठा असतो. फरक त्याच्या मेहनतान्याचा, आणि तो किती असावा हे आधी ठरवता येते.

अनामतीला मर्यादा आहे काय, असे पालक विचारतात. केंद्राने २०२१ साली भाड्याचा एक नमुना कायदा तयार केला. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. पण नमुना हा नमुनाच. राज्याने त्याप्रमाणे आपला कायदा केल्यावाचून तो कोणाच्या दारावर चिकटवता येत नाही. तेव्हा बोलणी करावी हेच खरे.

कागदातले सर्वांत निसरडे कलम ‘लॉक-इन’चे. सहा महिने जागा सोडावयाची नाही असे त्यात असते, आणि सोडल्यास उरलेल्या महिन्यांचे भाडे द्यावे लागते. संशोधनाच्या विद्यार्थ्याला अचानक वसतिगृह मिळते, मार्गदर्शक बदलतो, छात्रवृत्ती दुसऱ्या गावी लागते. त्याने हा काळ शक्य तितका कमी करून घ्यावा, आणि तो मालकालाही बांधतो ना हे पाहावे.

तिघांनी घर घेतले तर तिघांचीही नावे कागदात हवीत. पुष्कळदा एकाच्याच नावावर करार होतो, बाकीचे दोघे ‘मित्र’ म्हणून राहतात. मग ज्याचे नाव तो वर्षाच्या मध्यावर निघतो आणि मागे राहिलेल्यांना तेथे राहण्याचा आधारच उरत नाही. किंवा ज्यांचे नाव नाही ते निघून जातात आणि एकटा पूर्ण भाडे भरीत बसतो. म्हणून आपापसांतही एक साधा कागद करावा: अनामतीत कोणाचे किती, कोणी सोडले तर महिनाभर आधी सांगावे, नवा जोडीदार त्याने आणावा की उरलेल्यांनी. मैत्रीत हे लिहावयास संकोच वाटतो. आमच्या पाहण्यात मैत्री मोडली ती बहुधा विजेच्या बिलावरून.

आता एक गोष्ट जी कागदात येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. तेथे आधी एका छात्रालयात, मग दुसरीकडे, आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भाथेना या पारशी मित्रासोबत त्यांचे बिऱ्हाड स्थिरावले. तेच आंबेडकर १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्या गावात त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. थोड्याच दिवसांत लाठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. पुढे १९२१-२२ मध्ये लंडनला शिकत असताना ते ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले.

शंभर वर्षे उलटली. आज कोणी लाठ्या घेऊन येत नाही. फोनवर आडनाव विचारले जाते, मग ‘जागा कालच गेली’ असे सांगितले जाते. मांसाहार, धर्म, एकटी मुलगी, सगळ्यांसाठी तेच एक वाक्य. खासगी घराबाबत असा भेद सरसकट रोखणारा कायदा आपल्याकडे नाही, हे खरे आहे. तरीही मालकांना आम्ही म्हणू की तुमचा व्यवहार भाडे वेळेवर येणे, घर नीट राहणे आणि मुदतीला रिकामे होणे यांच्याशी आहे. तेवढ्यासाठी कॉलेजचे ओळखपत्र, पालकांचा फोन आणि नोंदलेला करार पुरतो. आडनावाने यातले काहीच सिद्ध होत नाही. ज्या विद्यार्थ्यांना ही दारे बंद वाटतात, त्यांना आमचा व्यवहाराचा सल्ला एवढाच की आपल्या विभागात आधीच्या वर्षाचे कोण जागा सोडीत आहे ते शोधावे. एका विद्यार्थ्याशी ज्याचा व्यवहार सुरळीत झाला, तो मालक दुसऱ्याला प्रश्न कमी विचारतो, आणि दलालीही वाचते.

राहता राहिले घर सोडणे. अनामतीवरून जितकी भांडणे होतात तितकी भाड्यावरून होत नाहीत, आणि त्यांचे मूळ पहिल्या दिवशी असते. राहावयास गेल्या दिवशीच भिंती, नळ, खिडक्यांच्या काचा, गिझर, पंखे यांची छायाचित्रे काढून मालकाला पाठवावी. फुटलेले, गळणारे जे असेल ते त्याच दिवशी कळवावे. रंगकामाचे पैसे कापणार असतील तर किती, ते करारातच लिहून घ्यावे. पोलिसांकडे मालकाने आपली माहिती दिली आहे ना, हेही विचारून ठेवावे. सोडताना महिनाभर आधी लेखी कळवावे, शेवटचे भाडे परस्पर अनामतीतून वळते करू नये, आणि घर दोघांनी मिळून पाहावे. मीटरचा आकडा, किल्ल्या परत दिल्याची तारीख आणि अनामत मिळाल्याची नोंद दोन ओळींत लिहून दोघांनी सह्या कराव्या, आणि मग टेम्पोवाल्याला सामान उचलावयास सांगावे.