गोल गोल फिरणारा गुरू

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी पेटी शिकत असेल, कोणी तबला. गुरुजी समोर बसतात, 'हां, पुन्हा एकदा!' म्हणतात आणि चुकलं की डोळे वटारतात. पण गुरू समोर नसेलच तर? अमेरिकेतल्या एका मुलाचा गुरू काळा कुळकुळीत, गोल होता आणि मिनिटाला ७८ वेळा गरगर फिरत होता! ओळखलंत ना? बरोबर, ग्रामोफोनची तबकडी!

या मुलाचं नाव चार्ली पार्कर. जन्म १९२० चा, गाव कॅन्सस सिटी. त्याला सॅक्सोफोनचं भारी वेड. हे वाद्य असतं पितळेचं, पण त्याच्या तोंडाशी बोरूची एक पातळ पट्टी असते. फुंकर मारली की ती थरथरते आणि सूर उमटतो. बेल्जियमच्या अॅडॉल्फ सॅक्सनं ते बनवलं आणि १८४६ साली त्याचं पेटंट घेतलं. म्हणून नाव सॅक्सोफोन.

कॅन्सस सिटीत तेव्हा 'जॅम सेशन' रंगत. म्हणजे रात्री वादक जमायचे आणि ज्याच्यात हिंमत असेल त्यानं पुढे येऊन वाजवायचं. १९३६ साली चार्लीही असाच पुढे गेला. वय पंधरा-सोळा. सुरुवात बरी झाली, पण मध्येच तो वाट चुकला. तेव्हा जो जोन्स या नामांकित ड्रमवादकानं आपली झांज काढून त्याच्या पायाशी फेकली, असं सांगतात. खण्ण! सगळे हसले. चार्ली मान खाली घालून घरी गेला.

तुम्ही असता तर काय केलं असतं? वाद्य माळ्यावर टाकलं असतं?

चार्लीनं तसं केलं नाही. १९३७ च्या उन्हाळ्यात त्याला ओझार्कच्या डोंगराळ भागात एका बँडबरोबर काम मिळालं. जाताना त्यानं सामानात लेस्टर यंग या सॅक्सोफोनवादकाच्या तबकड्या घेतल्या. तिथं त्या पुन्हा पुन्हा ऐकून त्यानं लेस्टरचं वादन पाठ केलं. बँडमधल्या थोरल्या वादकांनी त्याला स्वर एकमेकांशी कसे जुळतात ते समजावलं. उन्हाळा संपला आणि परतलेला चार्ली ऐकून लोक चाट पडले! हाच का तो मुलगा?

आणखी गंमत ऐका. खुद्द लेस्टर यंगही असाच शिकला होता! फ्रँकी ट्रंबावर नावाच्या वादकाच्या तबकड्या ऐकून तो तसं वाजवू पाहायचा. पुढे चार्लीच्या तबकड्या ऐकून कितीतरी मुलं वाजवायला शिकली. म्हणजे तबकड्यांमधून एक गुरुपरंपराच तयार झाली म्हणा ना!

तुम्ही म्हणाल, 'पण स्वर कागदावर लिहिलेले असतात की!' असतात. पण जॅझमध्ये कागद पुरत नाही. कागदावर दोन स्वर सारख्याच लांबीचे दिसतात. वाजवताना मात्र पहिला जरासा लांबतो आणि दुसरा आखडतो. यालाच 'स्विंग' म्हणतात. तो कानानंच शिकावा लागतो. शिवाय आपल्या ख्यालात बंदिश ठरलेली असते, पण आलाप-ताना गायक जागच्या जागी रचतो. तसंच जॅझमध्ये मूळ धून झाली की वादक स्वतःचं काहीतरी रचतो. ते त्या दिवशी वाजलं आणि विरून गेलं. राहिलं तर ध्वनिमुद्रणातच!

मग चार्लीनं नुसती नक्कल केली का? मुळीच नाही. लेस्टरचा सूर मऊ, निवांत. चार्लीचा धारदार, विजेसारखा. आधी दुसऱ्याचं मन लावून ऐकलं, मग स्वतःचं सापडलं.

आता तुमच्यासाठी एक बेत. तुमच्या वर्गात, बँडपथकात किंवा वाड्यात वाजवणारी चार मुलं असतीलच. बासरी, पेटी, ट्रंपेट, काहीही चालेल. एका रविवारी श्रवणबैठक भरवा. प्रत्येकानं आपल्या आवडीचं एकच ध्वनिमुद्रण आणायचं. ते तीनदा लावायचं. पहिल्यांदा सगळ्यांनी गप्प बसून ऐकायचं. दुसऱ्यांदा प्रत्येकानं एकच वाद्य धरून ठेवायचं, कोणी ड्रम, कोणी पियानो. तिसऱ्यांदा आवडलेला तुकडा गुणगुणायचा. मग बोलायचं. पण नुसतं 'मस्त होतं' म्हणायचं नाही! कुठल्या ठिकाणी काय झालं ते सांगायचं. तुम्हाला न ऐकू आलेलं शेजारच्याला ऐकू आलेलं असतं, हीच तर खरी मजा.

आणि एक नियम पक्का. कोणाच्या आवडीला किंवा चुकलेल्या सुराला हसायचं नाही. ती झांज आठवतेय ना?

सुरुवातीला हे ऐका:

ट्रंबावर: 'सिंगिन द ब्लूज' (१९२७). आधी त्याचा सॅक्सोफोन, मग बिक्स बायडरबेकचा कॉर्नेट. दोघांची जणू गोष्ट सांगण्याची पाळी!

लेस्टर यंग: 'ओह, लेडी बी गुड' (१९३६). घाई अजिबात नाही.

कोलमन हॉकिन्स: 'बॉडी अँड सोल' (१९३९). मूळ धून सुरुवातीलाच जरा दिसते आणि मग तो जो निघतो!

चार्ली पार्कर: 'को-को' (१९४५). वेग ऐकून दम लागेल. फोनवर गती कमी करून ऐका. पूर्वी तबकडी हळू फिरवली की सूरही खाली उतरायचा. आता सूर न बदलता गती कमी करता येते.

सॉनी रॉलिन्स: 'सेंट थॉमस' (१९५६). पाय आपोआप हलतील.

हे रॉलिन्स १९७८ साली मुंबईच्या पहिल्या 'जॅझ यात्रे'त वाजवून गेले बरं का! सॅक्सोफोन आपल्याकडेही चांगला रुळला. कद्री गोपालनाथ (१९४९-२०१९) यांनी त्यावर कर्नाटक संगीत वाजवलं. राहुलदेव बर्मन यांचे साहाय्यक मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन तर हिंदी चित्रपटगीतांत घरोघरी पोचला. तेव्हा बैठकीला आईबाबांनाही बोलवा. त्यांच्या आवडीच्या जुन्या गाण्यात सॅक्सोफोन कुठं वाजतो, ते त्यांनाच शोधायला सांगा. पाहू या, त्यांचे कान किती तिखट आहेत!

आवडतं गाणं दुसऱ्याला ऐकवलं म्हणून आपल्याकडचं कमी होत नाही. उलट तुम्ही ऐकवलेला एखादा तुकडा कोणाच्या तरी बोटांत जाऊन बसेल.

मग काय, येत्या रविवारी बैठक कोणाच्या घरी?