असत्य प्रचार आणि माध्यमांची पत : अमेरिकेच्या २००४ च्या निवडणुकीचा धडा

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या २००४ सालच्या निवडणुकीत ऑगस्ट आणि सप्टेंबर या दोन महिन्यांत दोन प्रकरणे गाजली. एका प्रकरणात डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार जॉन केरी यांच्या युद्धातील शौर्यावर शंका घेणारी जाहिरात प्रसारित झाली. दुसऱ्या प्रकरणात रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार आणि तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या लष्करी सेवेसंबंधीची, सत्यता सिद्ध न झालेली कागदपत्रे सीबीएस या वृत्तवाहिनीने दाखवली. दोन्ही प्रकरणांचा विषय तीस वर्षांहून अधिक जुना, म्हणजे व्हिएतनाम युद्धाच्या काळातील होता.

दोन्ही प्रकरणांचा शेवट मात्र भिन्न झाला. चूक करणाऱ्या वृत्तवाहिनीची चौकशी झाली आणि तेथील चौघांवर कारवाई झाली. जाहिरात करणाऱ्या संघटनेला दंड झाला, पण तो असत्य बोलल्याबद्दल नव्हे, तर निधीविषयक नियम मोडल्याबद्दल. राजकीय असत्याला आळा घालण्याचे काम अमेरिकेत नेमके कोणाकडे आहे, हा प्रश्न या फरकातून उभा राहतो. आजही अमेरिकेतील प्रत्येक निवडणुकीत तो नव्याने विचारला जातो.

जाहिरात आणि नौदलाच्या नोंदी

केरी यांनी १९६८-६९ मध्ये व्हिएतनाममधील नद्यांत गस्त घालणाऱ्या 'स्विफ्ट बोट' या जलद नौकांवर अधिकारी म्हणून काम केले होते. त्यांना 'सिल्व्हर स्टार', 'ब्रॉन्झ स्टार' आणि जखमी सैनिकांना दिली जाणारी तीन 'पर्पल हार्ट' पदके मिळाली होती. मायदेशी परतल्यावर ते युद्धविरोधी चळवळीत उतरले आणि एप्रिल १९७१ मध्ये सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. ती साक्ष अनेक माजी सैनिकांना अपमानास्पद वाटली. तो राग पुढेही शमला नाही.

५ ऑगस्ट २००४ रोजी 'स्विफ्ट बोट व्हेटरन्स फॉर ट्रूथ' या संघटनेची जाहिरात ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत प्रसारित झाली. केरी यांनी आपल्या सेवेविषयी खोटे सांगून पदके मिळवली, असा तिचा आशय होता. नौदलाच्या उपलब्ध नोंदी मात्र केरी यांच्या बाजूने होत्या. १३ मार्च १९६९ रोजी ज्यांना केरी यांनी नदीतून बाहेर काढले होते ते जिम रॅसमन, गोळीबार चालू असतानाच आपली सुटका झाली, असे सांगत होते. जाहिरातीत दिसणाऱ्या लॅरी थर्लो यांनी त्या वेळी शत्रूचा गोळीबार झालाच नाही, असा दावा केला होता. परंतु त्याच प्रसंगाबद्दल खुद्द थर्लो यांना मिळालेल्या पदकाच्या प्रशस्तिपत्रात गोळीबाराचा उल्लेख असल्याचे 'वॉशिंग्टन पोस्ट'ने उघडकीस आणले. 'शिकागो ट्रिब्यून'चे संपादक विल्यम रूड हे फेब्रुवारी १९६९ मधील कारवाईत दुसऱ्या नौकेचे प्रमुख होते. पस्तीस वर्षांचे मौन सोडून त्यांनीही आपल्या वृत्तपत्रात केरी यांच्या वृत्तान्ताला दुजोरा दिला. स्वतः व्हिएतनाममध्ये युद्धकैदी राहिलेले रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी जाहिरातीचा निषेध केला.

केरी यांचे प्रत्येक विधान अचूक होते, असे नाही. १९६८ च्या नाताळात आपण कंबोडियाच्या हद्दीत होतो, हा त्यांचा जुना दावा त्यांच्या प्रचारयंत्रणेला मागे घ्यावा लागला. मात्र पदकांसंबंधीच्या मुख्य आरोपांना कागदोपत्री आधार मिळाला नाही.

तरीही जाहिरातीचा परिणाम झाला, आणि त्याचे कारण माध्यमांच्या कार्यपद्धतीत होते. पहिल्या जाहिरातीचा प्रसारणखर्च सुमारे पाच लाख डॉलर, म्हणजे अमेरिकेच्या मानाने किरकोळ होता. पण चोवीस तास चालणाऱ्या वृत्तवाहिन्यांनी ती 'वाद' म्हणून पुन:पुन्हा दाखवली आणि तीन राज्यांपुरती जाहिरात देशभर पोहोचली. एक पाहुणा आरोप करी, दुसरा त्याचा इन्कार करी आणि चर्चा संपे. नोंदी काय सांगतात, हे सूत्रसंचालकाने स्वतः सांगण्याची प्रथा नव्हती. दोन्ही बाजूंना समान वेळ दिला म्हणजे निःपक्षपातीपणा झाला, असे मानले जाई. केरी यांनी स्वतः जाहीर उत्तर दिले ते १९ ऑगस्टला. तोवर दोन आठवडे निघून गेले होते.

सीबीएसची चूक

८ सप्टेंबर २००४ रोजी सीबीएसच्या '६० मिनिट्स' या कार्यक्रमाच्या बुधवारच्या आवृत्तीत ज्येष्ठ वृत्तनिवेदक डॅन रॅदर यांनी बुश यांच्यासंबंधीचा वृत्तान्त सादर केला. बुश १९६८ मध्ये टेक्सास एअर नॅशनल गार्डमध्ये भरती झाले होते. या दलात जागा मिळाल्यास व्हिएतनामला जाण्याची शक्यता कमी होत असे. बुश यांना ही जागा मिळवून देण्यासाठी आपण शब्द टाकला, असे टेक्सासमधील माजी नेते बेन बार्न्स यांनी कार्यक्रमात सांगितले. १९७२ मध्ये बुश यांनी वैद्यकीय तपासणी करून घेतली नाही आणि त्यांना विमान चालवण्यापासून दूर ठेवण्यात आले, ही बाब अधिकृत नोंदीत होती. त्यांच्या सेवेतील खंडांबद्दल 'बोस्टन ग्लोब'ने २००० सालीच वृत्त दिले होते.

सीबीएसने यात नवी भर घातली ती चार टिपणांची. ही टिपणे बुश यांचे तत्कालीन वरिष्ठ, १९८४ मध्ये निधन पावलेले लेफ्टनंट कर्नल जेरी किलियन यांची असल्याचे सांगण्यात आले. काही तासांतच इंटरनेटवरील ब्लॉगलेखकांनी शंका उपस्थित केल्या. टिपणांतील अक्षरांमधील अंतर आणि अंकाच्या डोक्यावर बसवलेली लहान अक्षरे सत्तरीच्या दशकातील सर्वसाधारण टंकलेखन यंत्रावर उमटणे कठीण होते. संगणकावरील शब्दलेखनाशी मात्र ती जुळत होती. वाहिनीकडे केवळ छायाप्रती होत्या. त्या देणारे टेक्सास नॅशनल गार्डचे माजी अधिकारी बिल बर्केट यांनी, ही कागदपत्रे आपल्याला कोठून मिळाली याबद्दल आधी खोटी माहिती दिल्याचे नंतर मान्य केले.

सुमारे बारा दिवस वाहिनीने आपल्या वृत्ताचे समर्थन केले. २० सप्टेंबरला मात्र कागदपत्रे अस्सल असल्याचे सिद्ध करता येत नाही, असे तिने जाहीर केले आणि रॅदर यांनी प्रेक्षकांची क्षमा मागितली. माजी ॲटर्नी जनरल डिक थॉर्नबर्ग आणि असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे माजी प्रमुख लुईस बोकार्डी यांच्या चौकशी समितीने १० जानेवारी २००५ रोजी अहवाल दिला. निर्माती मेरी मेप्स यांना बडतर्फ करण्यात आले आणि तीन वरिष्ठांना राजीनामे देण्यास सांगण्यात आले. रॅदर यांनी मार्च २००५ मध्ये, चोवीस वर्षांनंतर, सायंकालीन वार्तापत्राचे निवेदन सोडले. कागदपत्रे बनावट आहेत, असा ठाम निष्कर्ष समितीने काढला नाही. पुरेशी पडताळणी न करता घाईने प्रसारण केल्याचा ठपका तिने ठेवला.

वाहिनीच्या प्रतिष्ठेची हानी झालीच, पण त्याहून मोठे नुकसान मूळ विषयाचे झाले. बुश यांच्या सेवेबद्दलचे जे प्रश्न अधिकृत नोंदींवर आधारलेले होते, तेही या टिपणांबरोबर चर्चेतून बाहेर गेले. त्यानंतर तो विषय काढणाऱ्याला सीबीएसचे उदाहरण ऐकावे लागे.

कायदा हस्तक्षेप का करत नाही?

जाहिरात खोटी असेल तर न्यायालयाने ती का रोखली नाही, असा प्रश्न भारतीय वाचकाला पडेल. अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिली दुरुस्ती भाषणस्वातंत्र्याचे रक्षण करते, आणि राजकीय भाषणाला तेथे सर्वाधिक संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन' खटल्यात निकष घालून दिला. सार्वजनिक पदावरील व्यक्तीला बदनामीचा दावा जिंकायचा असेल, तर विधान खोटे असल्याचे ठाऊक असताना अथवा सत्यासत्याची पर्वा न करता केले गेले, हे तिने सिद्ध करावे लागते. २०१२ मध्ये तर लष्करी पदक मिळाल्याचा खोटा दावा करणे हा गुन्हा ठरवणारा कायदाही याच न्यायालयाने रद्द केला. ओहायो राज्यात प्रचारातील असत्य विधानांना शिक्षा करणारा कायदा होता. तोही २०१६ मध्ये अपील न्यायालयात टिकला नाही.

या निर्णयांमागील युक्तिवाद विचारात घेण्यासारखा आहे. सत्य काय हे ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला, तर सत्तेवरील पक्ष तो विरोधकांविरुद्ध वापरील, अशी ही भीती आहे. उमेदवाराची स्वतःची जाहिरात तर दूरचित्रवाणी केंद्राला खोटेपणाच्या कारणावरूनही नाकारता येत नाही. बाहेरच्या संघटनांच्या जाहिराती नाकारता येतात, पण त्यातून मिळणारे उत्पन्न सोडण्यास केंद्रे सहसा तयार नसतात.

भारताने याच वर्षी वेगळा मार्ग स्वीकारला. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ एप्रिल २००४ च्या आदेशानंतर दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिरातींना निवडणूक आयोगाने ठरवलेल्या यंत्रणेचे पूर्वप्रमाणपत्र आवश्यक झाले. अमेरिकेत असे प्रमाणपत्र घटनाबाह्य ठरेल. तेथे 'स्विफ्ट बोट' संघटनेला डिसेंबर २००६ मध्ये संघीय निवडणूक आयोगाने सुमारे तीन लाख डॉलरचा दंड केला तो राजकीय समिती म्हणून नोंदणी न केल्याबद्दल. त्याच वेळी डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेल्या 'मूव्हऑन'शी संबंधित संघटनेलाही तशाच कारणास्तव दंड झाला. तोवर निवडणूक होऊन दोन वर्षे लोटली होती.

वादसभा आणि पडताळणी

कायदा बाजूला राहिल्यामुळे पंचाची भूमिका पत्रकारांवर येते, आणि ती सर्वाधिक अवघड होते ती उमेदवारांच्या जाहीर वादसभांत. ५ ऑक्टोबर २००४ च्या वादसभेत उपाध्यक्ष डिक चेनी यांनी जॉन एडवर्ड्स यांना, आपली भेट आजच प्रथम होत आहे, असे सुनावले. दोघांची पूर्वी भेट झाल्याची छायाचित्रे थोड्याच वेळात पुढे आली. त्याच सभेत चेनी यांनी आपल्या बचावासाठी 'फॅक्टचेक' या पडताळणी संस्थेचा दाखला दिला, पण संकेतस्थळाचा पत्ता चुकीचा सांगितला. त्या पत्त्यावर जाणाऱ्या लोकांना बुश यांचे कडवे टीकाकार जॉर्ज सोरोस यांचे संकेतस्थळ दिसू लागले. १३ ऑक्टोबरला बुश यांनी, ओसामा बिन लादेनची आपल्याला चिंता नाही असे आपण कधी म्हटल्याचे वाटत नाही, असे सांगितले. मार्च २००२ मधील पत्रकार परिषदेत ते जवळजवळ तसेच बोलले होते. केरी हेही रोजगारातील घट सांगताना कधी कधी केवळ खासगी क्षेत्राचा आकडा एकूण घट म्हणून देत. सरकारी नोकऱ्या धरल्या की ती घट बरीच कमी भरे.

यातील कोणतीही दुरुस्ती सभेच्या मंचावर झाली नाही. सूत्रसंचालकाने मध्ये पडावे की नाही, यावर आजही एकमत नाही. २०१२ मध्ये कॅन्डी क्राउली यांनी मिट रॉम्नी यांना एका विधानावर थांबवले, तेव्हा त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप झाला. जून २०२४ च्या वादसभेत सीएनएनच्या सूत्रसंचालकांनी हस्तक्षेप टाळला आणि टीका ओढवून घेतली. सप्टेंबर २०२४ मध्ये एबीसीच्या सूत्रसंचालकांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्या काही विधानांची तेथल्या तेथे दुरुस्ती केली, आणि टीका त्यांच्यावरही झाली.

घटता विश्वास

गॅलप संस्थेच्या पाहणीनुसार वृत्तमाध्यमांवर बराच किंवा पुरेसा विश्वास असल्याचे सांगणाऱ्या अमेरिकनांचे प्रमाण १९७६ मध्ये ७२ टक्के होते. २००३ मध्ये ते ५४ टक्के होते आणि सप्टेंबर २००४ मध्ये, सीबीएस प्रकरण चालू असताना, ४४ टक्क्यांवर आले. २०२५ मध्ये ते २८ टक्के नोंदवले गेले. या घसरणीला एकच कारण नाही. इराककडील कथित महासंहारक अस्त्रांबाबत आपले वार्तांकन पुरेसे काटेकोर नव्हते, अशी कबुली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मे २००४ मध्येच दिली होती.

यातून असत्य प्रचार करणाऱ्याचे काम सोपे होते. पंचावरच विश्वास नसेल, तर त्याने दिलेला प्रत्येक निर्णय पक्षपाती ठरवता येतो आणि खऱ्या वृत्तालाही 'माध्यमांचे कारस्थान' म्हणता येते. म्हणूनच वृत्तसंस्थेची एक चूक राजकारण्याच्या अनेक असत्यांपेक्षा महाग पडते. राजकारणी असत्य बोलतील, हे लोकांनी गृहीत धरलेले असते. वृत्तपत्राकडून आणि वाहिनीकडून मात्र त्यांची वेगळी अपेक्षा असते.

२ नोव्हेंबर २००४ च्या मतदानात बुश विजयी झाले. निर्णायक ठरलेल्या ओहायो राज्यात त्यांचे मताधिक्य सुमारे १ लाख १८ हजार होते. जाहिरातीमुळे किती मते फिरली, हे कोणी मोजू शकलेले नाही. मात्र 'स्विफ्ट बोट' हा शब्द खोट्या आरोपांनी प्रतिस्पर्ध्याची प्रतिमा मलिन करणे या अर्थाने अमेरिकी इंग्रजीत क्रियापद म्हणून रूढ झाला. सीबीएसने चुकीची जाहीर कबुली दिली आणि तिची किंमतही मोजली. जाहिरात करणाऱ्यांकडून तशी कबुली कोणी मागितली नाही, आणि त्यांनी ती दिलीही नाही.