वॉशिंग्टनचा हुकूम, वॉशिंग्टनचा कायदा आणि आपला कापूस

वेचणी सुरू झाली की पारावर एक प्रश्न हमखास निघतो : "साहेब, अमेरिका-चीनचे बिनसले, आता कापसाला भाव येईल ना?" उत्तर देण्याआधी एक पाहावे लागते. जे निघाले तो तिकडच्या अध्यक्षाचा हुकूम आहे, की संसदेचा कायदा?

२०१८ साली अध्यक्ष ट्रम्प यांनी चिनी मालावर जादा जकात बसविली. तो अधिकार त्यांच्या संसदेने १९७४ च्या व्यापार कायद्यातच अध्यक्षाला देऊन ठेवला होता. चीनने ६ जुलै २०१८ पासून अमेरिकी कापूस व सोयाबीनवर २५ टक्के जकात लावली. अशी जकात आज चढते, बोलणी झाली की उतरते. आपल्याकडेही दिल्लीने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क नुसत्या अधिसूचनेने माफ केले आणि मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. म्हणजे ऐन आपल्या वेचणीत! हुकुमाच्या बातमीवर घरात कापूस दाबून ठेवणे मला तरी पटत नाही.

शिनजियांगची गोष्ट निराळी. चीनचा ऐंशी टक्क्यांहून अधिक कापूस या एका प्रांतात पिकतो. तेथे उइघुर मुसलमानांकडून सक्तीने काम करवून घेतात, असा अमेरिकेचा आरोप; चीन तो नाकारतो. जानेवारी २०२१ मध्ये तेथील कापसाचा माल बंदरावर अडविण्याचा आदेश निघाला. ट्रम्प गेले, बायडेन आले. पण दोन्ही पक्षांच्या सभासदांनी मिळून कायदाच केला व २३ डिसेंबर २०२१ रोजी बायडेन यांनी त्यावर सही केली. आता कोणी अध्यक्ष एकट्याने तो पुसू शकत नाही. २१ जून २०२२ पासून त्या प्रांताचा माल सक्तीच्या मजुरीचाच धरला जातो; तसा नाही, हे आणणाऱ्याने सिद्ध करायचे.

म्हणून शर्ट कोठेही शिवलेला असो, कापूस कुठला याचे कागद अमेरिकेचे गिऱ्हाईक मागते. वणी-पांढरकवड्याचा कापूस जिनिंगच्या ढिगात पडला की त्याचे गाव हरवते. विक्रीची पावती जपा. गावच्या गटाने एका वाणाचा कापूस वेगळा ठेवून एकत्र विकावा. वेचणीला प्लास्टिकची पोती नकोत, सुती झोळी घ्या. यामुळे उद्याच क्विंटलमागे जास्त मिळेल असे मी म्हणत नाही. पण असा कापूस मागणारी गिरणी आली, तर दाखवायला कागद आपल्या घरात असेल.