पाणीपट्टीचे बारा घोट

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर पाण्याचं बिल लागलं की लिफ्टपाशी घोळका जमतो. "एवढं पाणी आपण वापरलंच कधी?" हा प्रश्न तळमजल्यावरून निघतो आणि गच्चीवरच्या टाकीपर्यंत पोचतो. मुंबईच्या उपनगरातल्या आमच्या इमारतीत एकदा नेहमीच्या जवळजवळ तिप्पट बिल आलं, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तेव्हापासून तो वाचायची सवयच लागली. त्या वाचनातून हाती लागलेल्या या बारा गोष्टी. पुढच्या बिलाच्या वेळी शेजारच्यांना जरूर सांगा.

१. 'पट्टी' म्हटलं की कपाळाला आठी

घरपट्टी, पाणीपट्टी यांतली 'पट्टी' जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळची सिंहासनपट्टी इतिहासात सापडते. पेशवाईत कर्जपट्टी होती, जास्तीपट्टी होती. नेहमीच्या साऱ्याखेरीज वरून बसवलेला कर म्हणजे पट्टी. म्हणजे ती भरताना होणारी कुरकुरही निदान साडेतीनशे वर्षं जुनी आहे!

२. शंभर किलोमीटरची घसरगुंडी

मुंबईला सात तलाव पाणी पाजतात: विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि मध्य वैतरणा. पहिला विहार १८६० मधला, सर्वांत धाकटा मध्य वैतरणा. शहराला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळतं. गंमत म्हणजे तानसा-वैतरणेचं पाणी शंभरेक किलोमीटरची वाट बहुतांशी उताराने, आपल्या वजनाने कापतं. पंप कमी तर विजेचा खर्च कमी. ज्या गावांना नदीतून पाणी उपसून टेकडीवरच्या टाकीत चढवावं लागतं, तिथे पाणीपुरवठ्याच्या खर्चात विजेचा वाटा फार मोठा असतो. मुंबईकराच्या नळाला सह्याद्रीच्या उताराचा असा आशीर्वाद आहे.

३. वीस रुपयांत किती पाणी?

दुकानात साधारण वीस रुपयांत एक लिटरची बाटली मिळते. मुंबई महापालिकेने २०२२ मध्ये ठरवलेल्या दरानुसार इमारतींतल्या घरगुती पाण्याचा मूळ दर हजार लिटरला ६ रुपये ३६ पैसे. म्हणजे त्याच विसाच्या नोटेत नळाचं तीन हजार लिटरहून जास्त पाणी! चौघांचं कुटुंब माणशी दिवसाला १५० लिटर वापरत असेल तर महिन्याला १८,००० लिटर होतात आणि त्यांचे पाण्यापुरते पैसे होतात सुमारे ११५ रुपये. एवढं स्वस्त पाणी असून बिल फुगतं, याचा अर्थ ते फुगवणारं कुणीतरी दुसरंच आहे. चला, त्याला शोधू.

४. बिलातली दुसरी ओळ

पहिला संशयित: मलनिःसारण आकार. मुंबईत तो पाण्याच्या आकाराच्या ७० टक्के असतो. वरच्या कुटुंबाच्या ११५ रुपयांवर आणखी ८० चढतात आणि बेरीज जाते १९५ च्या घरात. "पाणी घेतलं त्याचे पैसे ठीक, पण सांडलं त्याचेही?" असं वाटणं साहजिक आहे. पण घरात आलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं धरूनच आपल्याकडे मलवाहिन्यांची आखणी होते. ते पाणी वाहून न्यायचं, उपसायचं, शुद्ध करायचं, हे काम जमिनीखाली आणि नजरेआड चालतं. मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, मालाड, वर्सोवा, भांडुप आणि घाटकोपर इथे मिळून रोज २,४६४ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करणारी सात केंद्रं उभारण्याचं काम हाती घेतलंय. आपण भरलेल्या आकाराचा हिशेब मागायचा तर या केंद्रांचं काम कुठवर आलं, हे विचारायला हवं. समुद्र स्वच्छ दिसला की ही दुसरी ओळ खुपणार नाही.

५. बागेला घातलेलं पाणी गटारात जातं का?

नाही जात. म्हणून अमेरिकेतल्या अनेक शहरांत सांडपाण्याचं बिल हिवाळ्यातल्या पाणीवापरावरून ठरवतात. उन्हाळ्यात हिरवळीवर मारलेलं पाणी मातीत मुरतं, मलवाहिनीत येत नाही. मग त्याचे पैसे का घ्यायचे, असा साधा न्याय. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी जानेवारी-फेब्रुवारीत नळ गळत ठेवला, तर त्याचा भुर्दंड वर्षभर पडू शकतो!

६. दराची शिडी

दुसरा संशयित: टप्पे. मुंबईत माणशी रोज १५० लिटरपर्यंत साधा दर. त्यापुढच्या पाण्याला दुप्पट, २०० च्या पुढे तिप्पट आणि २५० ओलांडले की चौपट. जास्त वापरणाऱ्याने जास्त भरावं, हे तत्त्व चांगलंच आहे. पण सोसायटीला मीटर एकच असतं. एका घरातली गळती अख्ख्या इमारतीला वरच्या पायरीवर नेऊन बसवू शकते. त्यातच महापालिकेच्या नोंदीत इमारतीतली घरं कमी लागलेली असतील, तर माणशी वापर फुगलेला दिसतो. ती नोंद एकदा तपासून घ्या. एका अर्जाचं काम आहे.

७. चावीवाला आणि हवेचं बिल

मुंबईत बहुतेक भागांत पाणी ठरल्या वेळीच येतं. कारण महापालिकेचे चावीवाले रस्त्यांखालचे शेकडो व्हॉल्व्ह रोज हाताने उघडतात आणि बंद करतात. भल्या पहाटे लोखंडी चावी घेऊन निघणाऱ्या या माणसांवर शहराची सकाळ उभी आहे. पण पाणी बंद असताना नळात हवा भरते. व्हॉल्व्ह उघडला की आधी ती हवा सुसाट पुढे सुटते, आणि मीटरचं चाक हवेनेही फिरतं! नळातून सुरुवातीला येणारा 'फुस्स' आवाज आठवतोय? नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे आणि पुण्याच्या पेठांतल्या हौदांकडे पाणी आणलं, तेव्हा त्या भुयारी नळातली हवा निघून जावी म्हणून वाटेत ठिकठिकाणी 'उच्छ्वास' बांधले होते. आजही या हवेवर उपाय आहे. हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह मीटरच्या आधी बसवता येतो का, हे परवानाधारक प्लंबरला विचारा.

८. थेंबाचा हिशेब

तिसरा संशयित घरातच असतो. नळाचा एक थेंब साधारण पाव मिलिलिटरचा. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला २१ लिटर, वर्षाला जवळजवळ ८,००० लिटर! म्हणजे दोन-चार रुपयांचा वॉशर न बदलल्यामुळे पाऊण टँकर पाणी मोरीत जातं.

फ्लशची टाकी त्याहून बेरकी, कारण ती आवाज न करता गळते. भांड्यात दोऱ्याएवढी धार लागलेली असते आणि ती दिसतही नाही. मिनिटाला पाव लिटर धरलं तरी दिवसाला ३६० लिटर, महिन्याला १०,८०० लिटर. चौघांच्या कुटुंबाच्या पाण्याच्या निम्म्याहून जास्त! तपासणी अगदी सोपी. रात्री झोपण्यापूर्वी फ्लशच्या टाकीत खायचा रंग चमचाभर टाका, पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, की चोर सापडला.

९. टाकी भरली, मीटर फिरतंच राहिलं

आता आमच्या तिप्पट बिलाची गोष्ट. महापालिकेच्या कार्यालयात गेलो तर "मीटर बरोबर आहे" एवढंच उत्तर मिळालं. आम्ही मनस्ताप करत परतलो. शेवटी एका जुन्या प्लंबरकाकांनी विचारलं, "टाकी भरल्यावर मीटर थांबतं का, ते कुणी बघितलंय?" पहाटे पाणी यायच्या वेळी आम्ही चौघं टॉर्च घेऊन मीटरपाशी बसलो. जमिनीखालची टाकी काठोकाठ भरली तरी काटा फिरतच होता! टाकी भरली की पाणी बंद करणारा बॉलकॉक अडकला होता. जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून थेट गटारात जात होतं, आणि तो पाइप जमिनीखालून गेलेला असल्याने कुणाच्या डोळ्यांना ओल दिसलीच नव्हती. किती दिवस ते पिण्याचं पाणी असं वाहून गेलं, या विचाराने बिलापेक्षा जास्त हळहळ वाटली. बॉलकॉक बदलला, पुढचं बिल जागेवर आलं. आता महिन्यातून एकदा पहाटे मीटर बघायची आम्ही पाळी लावली आहे.

१०. भांडण कशावरून, नियम काय?

"आम्ही दोघंच म्हातारी, वरच्या मजल्यावर सात जण, मग पाण्याचे पैसे सारखे का?" हा वाद कोणत्या सोसायटीत झाला नसेल? महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पाण्याचे पैसे माणसं मोजून वाटायचे नसतात, आणि घरटी सारखेही नाहीत. सदनिकेत पाणी येणाऱ्या जोडण्या किती आणि त्यांचा आकार केवढा, यावर ते वाटायचे. म्हणजे पाहुणे आले-गेले तरी वाटा बदलत नाही, पण नूतनीकरणात तिसरं न्हाणीघर बांधलं तर बदलायला हवा. पुढच्या वार्षिक सभेत हा मुद्दा नक्की मांडा.

११. शिळं पाणी

नवं पाणी आलं की कालचं 'शिळं' म्हणून ओतून द्यायचं, ही सवय बेभरवशाने येणाऱ्या पाण्यानेच लावली. उद्या येईल की नाही याची खात्री नाही, म्हणून आज पिंप-हंडे भरून ठेवायचे आणि ताजं आलं की ते उपडे करायचे. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या मलकापूरने २००९ च्या सुमारास यावर उलटा उपाय केला: पाणी चोवीस तास, प्रत्येक नळाला मीटर आणि वापर वाढेल तसा चढता दर. नळ कधीही सोडला तरी पाणी येणार, मग साठवायचं कशाला आणि ओतायचं कशाला? या छोट्या गावाच्या कामाचा देशपातळीवर पुरस्कार देऊन गौरव झाला. मोजून दिलेलं पण भरवशाचं पाणी माणूस जपून वापरतो, हे मलकापूरने दाखवून दिलं.

१२. सगळ्यात महाग पाणी कुणाचं?

समजा, दहा हजार लिटरच्या टँकरला दोन हजार रुपये पडले. हजार लिटरचे झाले दोनशे, म्हणजे मुंबईतल्या नळाच्या मूळ दराच्या तीस पट! पुण्याच्या वेशीवर झालेल्या नव्या वसाहतींत पाणीपट्टीपेक्षा टँकरच्या पावत्याच मेंटेनन्स फुगवतात.

आणि ज्यांच्या वस्तीत टँकरही येत नाही, ती माणसं ड्रमवर, कॅनवर पाणी विकत घेतात आणि लिटरमागे याहूनही जास्त मोजतात. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा प्रश्न होता की पाण्याला हात कुणी लावायचा. आज प्रश्न आहे की नळ कुणाच्या नावाने मिळायचा. वस्त्यांतल्या पाण्यासाठी लढणाऱ्या पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये निकाल दिला: झोपडी बेकायदा असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. २०२२ मध्ये महापालिकेने 'सर्वांसाठी पाणी' धोरण आणलं. तरीही अर्ज, कागद, पुन्हा अर्ज अशा फेऱ्या अनेक वस्त्यांत संपलेल्या नाहीत. त्या फेऱ्या मारणाऱ्या बाया काय मागतात? स्वतःच्या नावाचं मीटर आणि स्वतःच्या नावाचं पाण्याचं बिल!

म्हणून यापुढे नोटीस बोर्डावर बिल लागलं की ते नीट वाचा. आकडा चुकला असेल तर अर्ज करा, गळती असेल तर शोधा, वाटणी चुकत असेल तर सभेत बोला. आणि ज्या वस्तीत अजून हा कागद पोचलेला नाही, तिथली माणसं तो मागायला निघाली, की त्यांच्या अर्जाखाली आपलीही एक सही करा.